चाळीस खुर्च्यांचा फिल्म क्लब : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

शहरात छोटा फिल्म क्लब सुरू करू पाहणाऱ्या आणि सुरू करून अडलेल्या वाचकांच्या पत्रांतून निवडलेले हे प्रश्न. चाळीस-पन्नास प्रेक्षक, भाड्याचा किंवा मिळालेला हॉल आणि महिन्याला एक खेळ, असा क्लब डोळ्यांसमोर ठेवून उत्तरे दिली आहेत.

आम्हाला फक्त 'कल्ट' सिनेमे दाखवायचे आहेत. वर्षाची यादी कशी करावी? खेळ रात्री उशिरा ठेवला तर वातावरण चांगले तयार होईल का? (कोल्हापूर)

कल्ट म्हणजे विचित्र सिनेमा किंवा कोणी न पाहिलेला सिनेमा, असे समजून यादी केली की तिसऱ्या महिन्यात हॉल रिकामा दिसतो. ज्याच्याकडे माणसे पुन्हा पुन्हा येतात, ज्याचे संवाद पाठ असतात, जो पाहायला मित्राला हाताला धरून आणले जाते, तो कल्ट. कमल स्वरूप यांचा 'ओम दर-ब-दर' १९८८चा. चित्रपटगृहांत तो रीतसर लागला २०१४ मध्ये. मधली सव्वीस वर्षे तो टिकला प्रतींवर, छोट्या खेळांवर आणि तोंडी शिफारशीवर. म्हणून बारा खेळांच्या वर्षात दोन जागा पुनर्खेळांसाठी राखून ठेवा. सभासदांना सर्वात जास्त भांडायला लावणारा सिनेमा सहा महिन्यांनी पुन्हा लावा. दुसऱ्या खेळाला आलेले लोक शेजारी नवा माणूस घेऊन येतात.

उरलेल्या दहांमध्ये सलग दोन अवघड सिनेमे नकोत. एक अवघड, मग एक हसवणारा, मग एक मराठी, असा क्रम बसवा.

मध्यरात्रीच्या खेळांची प्रथा न्यूयॉर्कच्या एल्जिन थिएटरने १९७०च्या डिसेंबरपासून रुजवली. तिथे रात्रभर भुयारी रेल्वे चालते. आपल्याकडे शेवटची बस चुकेल म्हणून लोक शेवटची पंधरा मिनिटे सोडून उठतात आणि स्त्री-सभासद हळूहळू यायच्या बंद होतात. रविवारी संध्याकाळी पाच ते आठ ही वेळ उत्तम. गणेशोत्सवाचे दहा दिवस पूर्ण मोकळे सोडा. कितीही जाड पडदे लावा, ढोलताशा थांबत नाही. पुणेकरांनी जानेवारी-फेब्रुवारीत पिफच्या, म्हणजे पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या, तारखा पाहूनच दिवस ठरवावा.

आम्ही तिकीट लावत नाही. सिनेमा ओटीटीवर आहे, खातेही पैसे भरून घेतलेले आहे. तरी परवानगी लागते का? (पुणे)

लागते. सिनेमा लोकांना दाखवण्याचा हक्क १९५७च्या कॉपीराइट कायद्यात हक्कधारकाचा आहे आणि तिकीट नसल्याने तो संपत नाही. हौशी मंडळाने विनामूल्य प्रेक्षकांपुढे केलेल्या प्रयोगाला कलम ५२ मध्ये सूट आहे, हे पुष्कळांनी ऐकलेले असते. पण ती सूट साहित्य, नाटक आणि संगीत यांना आहे, चित्रपटाला नाही. चित्रपटासाठीची सूट शिक्षणसंस्थेपुरती आहे : प्रेक्षक त्या संस्थेचे विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेच्या कामाशी जोडलेलेच हवेत. महाविद्यालयाचा हॉल घेऊन बाहेरच्या लोकांना बोलावले की ती सूट गेली. ओटीटीचे खाते आणि विकत घेतलेली डीव्हीडी दोन्ही घरगुती वापरासाठी असतात.

हक्कधारक शोधणे हे क्लबचे सर्वात चिवट काम आहे. सिनेमाच्या सुरुवातीला येणाऱ्या सेन्सॉर प्रमाणपत्रावर अर्जदार आणि निर्माता यांची नावे असतात, तिथून सुरुवात करा. जुन्या सिनेमांचे हक्क अनेकदा पुढे विकलेले असतात. थिएटरचे एकाकडे, दूरचित्रवाणीचे दुसऱ्याकडे, असेही आढळते. त्यामुळे निर्माता "हो, दाखवा" म्हणाला तरी "एकदाच्या अव्यावसायिक खेळाचा हक्क आपल्याकडेच आहे ना?" हे लेखी विचारून घ्या. 'जाने भी दो यारो'सारख्या एनएफडीसीच्या (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या) निर्मितीसाठी थेट एनएफडीसीला लिहा. पुण्यातल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात प्रत आहे याचा अर्थ हक्कही तिथेच आहेत असा होत नाही. संग्रहालय प्रत सांभाळते, परवानगी हक्कधारकाची लागते. तरुण स्वतंत्र दिग्दर्शक मात्र पटकन उत्तर देतात आणि चर्चेलाही येतात. मराठीतले असे सिनेमे छोट्या क्लबनी आवर्जून दाखवायला हवेत.

पत्र सहा आठवडे आधी पाठवा. त्यात तारीख, पत्ता, खुर्च्यांची संख्या, प्रत कोणती वापरणार, रेकॉर्डिंग होऊ न देण्याची हमी आणि पैशाची खरी माहिती द्या. वार्षिक वर्गणी घेत असाल तर "विनामूल्य खेळ" असे लिहू नका. "तिकीट नाही, सभासद-वर्गणी अमुक" असे लिहा.

भारतात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षे असतो. १९६० मध्ये आलेला सिनेमा २०२० अखेर मुक्त झाला. पण सेन्सॉरचा प्रश्न याहून वेगळा आहे. सार्वजनिक खेळाला १९५२च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखालचे प्रमाणपत्र लागते आणि ते ज्या आवृत्तीला मिळाले तीच दाखवायची असते. इंटरनेटवरची 'अनकट' प्रत त्यात बसत नाही. प्रमाणपत्र नसलेल्या सिनेमाला सूट केंद्र सरकार देते, क्लबने ती स्वतःच गृहीत धरायची नाही. 'ए' सिनेमाला अठराखालचा मुलगा आईवडिलांसोबत आला तरी आत घेता येत नाही. 'यूए'मध्ये २०२३च्या दुरुस्तीनंतर ७, १३ आणि १६ वर्षे असे तीन टप्पे आहेत, ते निमंत्रणातच छापा.

जागेचा परवाना हा तिसरा भाग. आधीच कार्यक्रमांचा परवाना असलेले सभागृह घेतले तर तो भार बराच हलका होतो. हॉलच्या व्यवस्थापकाला "सिनेमा दाखवणार" असे स्पष्ट सांगा. 'व्याख्यान' म्हणून नोंद करून सिनेमा लावू नका.

सोसायटीच्या हॉलमध्ये चित्र फिकट दिसते. ३००० ल्युमेनचा प्रोजेक्टर आहे. जास्त ताकदीचा घ्यावा का? (नाशिक)

आधी गणित करा. ल्युमेन हे प्रोजेक्टर फेकतो त्या उजेडाचे माप. दहा फूट रुंदीच्या १६:९ पडद्याची उंची साधारण ५.६ फूट, म्हणजे क्षेत्रफळ ५६ चौरस फूट. काळोख्या खोलीत १६ फूट-लॅम्बर्ट (पडद्याच्या दर चौरस फुटावरून परतणाऱ्या उजेडाचे माप) उजेड भरपूर होतो. साध्या मॅट पांढऱ्या पडद्यावर त्यासाठी ५६ गुणिले १६, म्हणजे सुमारे ९०० ल्युमेन प्रत्यक्ष पोचायला हवेत. 'सिनेमा' मोडमध्ये आणि दिवा जुना झाल्यावर तुमच्या प्रोजेक्टरचे ३००० निम्म्यावर आले तरी ते पुरतात.

तुमची अडचण बहुधा खोलीतल्या उजेडाची आहे. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. पडद्यावर आधीच जितका उजेड आहे, तितकाच तुमचा काळा काळा. खिडक्यांना जाड काळे कापड दुहेरी लावा आणि कडांना चिकटपट्टी मारा, कारण उजेड फटीतून येतो. पडद्यालगतची पांढरी भिंत आणि छत पडद्याचाच उजेड परत पडद्यावर फेकतात. तिथे तीन-तीन फूट काळे कापड टांगले तर फरक लगेच दिसतो. बाहेर जायच्या दारावरचा दिवा मात्र झाकू नका.

अंतरासाठी प्रोजेक्टरच्या माहितीपत्रकातला थ्रो रेशो (पडद्यापासूनचे अंतर भागिले चित्राची रुंदी) पाहा. तो १.५ असेल तर दहा फुटी चित्रासाठी भिंग पडद्यापासून १५ फुटांवर. चित्र तिरके आले की लोक रिमोटवरून कीस्टोन (तिरके चित्र सरळ करणारी सोय) फिरवतात. त्याने चित्राचे पिक्सेल वाया जातात आणि अक्षरे मऊ पडतात. प्रोजेक्टरच सरळ बसवा. आणि झोतात छताचा पंखा येतो का ते पाहा. पाते झोताला लागले की चित्र लुकलुकते. पंखा बंद करावा लागणारच असेल, तर मे महिन्याच्या आधी दुसरी मांडणी शोधा.

संथ सरकणाऱ्या दृश्यात चित्र अडखळत असेल तर लॅपटॉपचा रिफ्रेश रेट (चित्र सेकंदाला किती वेळा ताजे होते तो आकडा) ६० वरून २४ वर आणा. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा असतो आणि त्या ६० मध्ये सारख्या वाटल्या जात नाहीत.

मागच्या रांगांना सबटायटल दिसत नाहीत. शिवाय मराठी सबटायटलची फाईल लावली तर ती हळूहळू मागेपुढे होते. (पणजी)

सपाट जमिनीवर हे होणारच. पडद्याची खालची कड जमिनीपासून किमान चार फूट वर घ्या. दहा फुटी पडदा मग वर ९.६ फुटांपर्यंत जातो. छत साडेनऊ फुटांचे असेल तर पडदा नऊ फुटी करा, पण कड खाली आणू नका. पुढच्या दोन रांगा सतरंजी-गादीवर, मग ठेंगण्या खुर्च्या, मागे नेहमीच्या. खुर्च्या विटांच्या बांधकामासारख्या अर्धी खुर्ची सरकवून मांडा. याला पैसे लागत नाहीत आणि निम्म्या तक्रारी संपतात. पडदा दहा फुटी असेल तर शेवटची रांग तीस फुटांच्या पलीकडे नको.

आता फाईल. अंतर सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखेच असेल तर व्हीएलसी या प्लेअरमध्ये 'जी' आणि 'एच' या कळांनी ते जुळते. सबटायटल उशिरा येत असेल तर 'जी', लवकर येत असेल तर 'एच'. पण अंतर वाढत जात असेल तर फाईल दुसऱ्या गतीच्या प्रतीसाठी बनलेली आहे, बहुधा सेकंदाला २५ आणि २३.९७६ चौकटींचा घोळ. शंभर मिनिटांत तो चार मिनिटांवर जातो आणि कळा दाबून सुटत नाही. सबटायटल एडिट या मोफत प्रोग्राममध्ये 'चेंज फ्रेम रेट' वापरून फाईल नव्याने साठवा. मराठी अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हे किंवा चौकोन दिसले तर फाईल यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात साठवा आणि प्लेअरमध्ये देवनागरीचा फॉन्ट निवडा. शेवटच्या रांगेत बसून जोडाक्षर वाचता येते का, हीच खरी चाचणी.

संगीत दणदणीत ऐकू येते, पण संवाद येतच नाहीत. स्पीकर बदलावेत का? (ठाणे)

नाही. ५.१ (सहा चॅनेलच्या) आवाजाच्या प्रतीत संवाद मधल्या चॅनेलवर असतात. तुमचा लॅपटॉप फक्त डावा-उजवा चॅनेल बाहेर देत असेल तर मधला गळतो. प्लेअरमध्ये स्टीरिओ डाउनमिक्स (सगळे चॅनेल डाव्या-उजव्यात मिसळणारी सोय) निवडा किंवा प्रतीतला दोन चॅनेलचा ट्रॅक लावा. घूं-घूं ऐकू येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. आवाज थांबला तर अर्थिंगचा फेरा (दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणारा प्रवाह) आहे. सगळी उपकरणे एकाच बोर्डावर घ्या, तरी राहिला तर लॅपटॉप आणि स्पीकर यांच्यामध्ये डीआय बॉक्स (हा फेरा तोडणारा छोटा डबा) घाला. ब्लूटूथ स्पीकर वापरू नका, ओठ आणि आवाज जुळत नाहीत. रिकाम्या हॉलमध्ये ठरवलेला आवाज भरलेल्या हॉलमध्ये कमी वाटतो, कारण माणसे आणि कपडे आवाज शोषतात. पहिल्या पाच मिनिटांत एकाने मागे उभे राहून तो पुन्हा जुळवावा.

पैशांचे गणित कसे बसवावे? संस्था नोंदवावी का? (छत्रपती संभाजीनगर)

समजा, ५० सभासद आणि वर्षाला १२०० रुपये वर्गणी, म्हणजे ६०,००० जमा. बारा खेळांचे हॉलभाडे दर खेळाला २००० प्रमाणे २४,०००. हक्कांसाठी सरासरी १५०० धरले तर १८,०००. छपाई आणि चहा ५०० प्रमाणे ६,०००. एकूण ४८,०००. उरलेले १२,००० दिवा, केबल आणि दुरुस्तीसाठी बाजूला. हक्कांचा आकडा सिनेमागणिक खूप बदलतो, म्हणून महागड्या सिनेमाशेजारी स्वस्त सिनेमा ठेवा. वर्गणी आगाऊ घ्या. दर खेळाला दारात पैसे गोळा करणारा क्लब पावसाळ्यात मोडतो.

नोंदणी १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली होते. किमान सात जण लागतात आणि महाराष्ट्रात काम धर्मादाय आयुक्त कार्यालयात चालते. पहिले सहा खेळ एखाद्या जुन्या वाचनालयाच्या किंवा संस्थेच्या छताखाली करा आणि सातजण खरोखर दर महिन्याला येतात का ते पाहा. मग नोंदणी, मग फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडियाचे सभासदत्व. १९५९ मध्ये सत्यजित राय यांच्या अध्यक्षतेखाली सुरू झालेली ही संघटना देशभरच्या सोसायट्यांना जोडते. मुंबईचे प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून काम करते आहे. त्यांच्या खेळांना जाऊन बसा, दाराशी व्यवस्था कशी असते ते नीट पाहा.

ऐन खेळात काही बिघडू नये म्हणून काय करावे? (सातारा)

आदल्या दिवशी त्याच हॉलमध्ये, त्याच लॅपटॉपवर, त्याच केबलने पहिली दहा मिनिटे, मधली पाच आणि शेवटची पाच चालवा. बिघडलेली फाईल सुरुवातीला नीट चालून मध्ये किंवा शेवटी अडकू शकते. दुसरी प्रत पेनड्राइव्हवर हवी. पंधरा मीटरच्या पुढे साधी एचडीएमआय केबल दगा देते. ऑप्टिकल केबलला दिशा असते, टोकांवरची खूण पाहून जोडा. प्रोजेक्टर आणि लॅपटॉप एक केव्हीएच्या यूपीएसवर घ्या, स्पीकर त्याच बोर्डावर, पण यूपीएसच्या बाहेर. वीज गेली तर सिनेमा चालवत राहायचा नाही. त्या चार-पाच मिनिटांत प्रोजेक्टर नीट बंद करून त्याचा पंखा थांबेपर्यंत वाट पाहायची. जुन्या दिव्याचे प्रोजेक्टर गरम असताना एकदम बंद पडले की दिवा लवकर जातो. लॅपटॉपवरच्या सूचना, स्क्रीनसेव्हर आणि अपडेट बंद केले का, हे कागदावर लिहून खूण करा.

चर्चेत तीनच जण बोलतात. बाकीचे चपला शोधायला लागतात. (सांगली)

दिवे एकदम लावू नका, श्रेयनामावली पूर्ण जाऊ द्या. मग दहा मिनिटे चहा, पण हॉलच्या आतच, कारण बाहेर गेलेला परत येत नाही. "कसा वाटला?" हा प्रश्न विचारू नका, त्यावर "छान" याखेरीज उत्तर मिळत नाही. "कोणते दृश्य पुन्हा पाहायचे?" असे विचारा. चार-पाच दृश्यांच्या वेळा मिनिट-सेकंदांसह आधीच टिपून ठेवा, मागितलेले दृश्य दोन-तीन मिनिटे पुन्हा चालवा, हवे तिथे थांबवा. गप्प बसणारी माणसेही पडद्याकडे बोट दाखवून बोलायला लागतात. अर्ध्या तासात थांबवा आणि पुढच्या खेळाची तारीख त्याच वेळी सांगा.