साचा मागवू नका, आधी रायफल जमा करा

प्रश्न : आमची रावेर तालुक्यात केळीची शेती आहे. आजोबांच्या काळापासून घरात मार्टिनी-हेन्री बनावटीची जुनी रायफल आहे. परवाना आधी आजोबांच्या, मग आप्पांच्या म्हणजे वडिलांच्या नावावर होता. आप्पा मागच्या वर्षी वारले. रायफल चालू आहे, पण तिची काडतुसं दुकानात मिळत नाहीत. पेटीत थोडी जिवंत आणि बरीच रिकामी काडतुसं पडून आहेत. भुसावळला आतेभावाचं लेथचं वर्कशॉप आहे. तो म्हणतो, गोळी ओतायचा साचा परदेशातून मागवू, शिसं भंगारात मिळतं. साचा ॲल्युमिनियमचा घ्यावा की बिडाचा, आणि कायद्याची अडचण येईल का? रायफल शंभर वर्षांपेक्षा जुनी असल्यामुळे परवाना लागतच नाही, असंही त्याचं म्हणणं आहे. रानडुकरं बाग उद्ध्वस्त करतात, म्हणून विचारतो.

उत्तर : भाऊ, तुमची काळजी मला साच्यापेक्षा रायफलीमुळे जास्त वाटते. आप्पा गेले त्या दिवसापासून ती रायफल घरात विनापरवाना आहे. परवाना माणसाच्या नावावर असतो. तो घराण्याकडे किंवा शेताकडे आपोआप येत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ३ प्रमाणे परवान्याशिवाय बंदूक किंवा काडतूस बाळगणं हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान दोन आणि कमाल पाच वर्षांची शिक्षा आहे. पेटीतल्या जिवंत काडतुसांनाही हेच लागू होतं.

जुन्या शस्त्राला सूट आहे हे खरं, पण आतेभावाने ती अर्धवट ऐकली आहे. कलम ४५ मधली ही सूट जुन्या पद्धतीच्या, पुरातन मोलाच्या किंवा नादुरुस्त शस्त्राला मिळते, तीही ते दुरुस्त करून किंवा न करता बंदूक म्हणून वापरता येणार नसेल तरच. तुम्ही स्वतःच लिहिलंय की रायफल चालू आहे. ब्रिटिश फौजेने ही बनावट १८७१ मध्ये स्वीकारली, म्हणजे तुमची रायफल शंभरी ओलांडलेली असू शकते. पण नळी साबूत आणि घोडा पडतो म्हटल्यावर वयाचा मुद्दा कोर्टात टिकणार नाही.

आता साचा. कायद्यात ‘दारूगोळा’ या शब्दाची व्याख्या फार रुंद आहे. कलम २ मध्ये काडतुसाचे भाग आणि काडतूस बनवण्याची यंत्रसामग्री यांनाही दारूगोळाच म्हटलंय. ‘हातात मावणारा साचा, त्याला यंत्रसामग्री कसं म्हणणार?’ असा युक्तिवाद मी करू शकतो. पण तो करायची वेळ येईल तेव्हा तुम्ही जामिनाच्या रांगेत उभे असाल. अशा साच्याचे दोन ठोकळे बिजागरीने मिटतात, वर शिसं ओतायचं भोक असतं आणि आत गोळीच्या अंगावर चरबी भरायच्या खोबणी कोरलेल्या असतात. तापीत जाळं टाकणाऱ्यांनाही शिशाचे मणी लागतात, पण त्यांना या खोबणींची गरज नसते. त्यामुळे ‘मासेमारीसाठी आणला’ हा बचाव साचा उघडून दाखवताच संपतो.

कलम ४५ मध्ये आणखी एक सूट आहे. किरकोळ सुटे भाग जोडीच्या भागांबरोबर वापरायचा इरादा नसेल, तर ते जवळ असणं गुन्हा ठरत नाही. तुमच्याकडे मात्र चालू रायफल आहे, रिकामी काडतुसं आहेत आणि आतेभावाशी व्हॉट्सॲपवर झालेलं बोलणंही असणार. इरादा सिद्ध करायला पोलिसांना आणखी काय लागतं?

आणि गोळी ओतून काडतूस भरलंत, की प्रकरण नुसतं बाळगण्याचं राहत नाही. ती निर्मिती झाली. कलम ५ चा परवाना नसताना निर्मिती केली तर कलम २५ प्रमाणे किमान सात वर्षं, कमाल जन्मठेप. लेथ आतेभावाचा, म्हणून तोही आरोपी होईल. परदेशातून पार्सल मागवलंत तर आयातीच्या परवान्याचं कलम १० आणि सीमाशुल्क कायदा वेगळे लागतील. वरणगावला सरकारी निर्माणीत काडतुसं बनतात, भुसावळ पट्ट्यात ओतकाम जाणणारे हात भरपूर आहेत, त्यामुळे हे काम साधं वाटतं, हे मी समजू शकतो. पण आप्पांचा परवाना जिवंत असता तरी त्यात काडतूस बाळगण्याची परवानगी असते, बनवण्याची नव्हे. म्हणून ॲल्युमिनियम की बीड, याचं उत्तर मी देणार नाही. ऑर्डर दिली असेल तर आजच रद्द करा, पार्सल आलंच तर घेऊ नका.

आता मार्ग सांगतो. कलम २१ प्रमाणे ज्याच्याकडचं शस्त्र बाळगणं कायदेशीर उरलेलं नाही, त्याने ते विनाकारण उशीर न करता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करायचं असतं. उशीर तुमच्याकडून झालाच आहे. पण आपणहून गेलेला माणूस आणि झडतीत सापडलेला माणूस यांच्यात कोर्ट मोठा फरक करतं. शिवाय कलम ३ च्या गुन्ह्यात खटला भरण्याआधी जिल्हादंडाधिकाऱ्यांची मंजुरी लागते (कलम ३९), आणि वारसाचा परवानाही त्यांच्याच कार्यालयातून मिळतो. त्यांच्या टेबलावर तुमचं नाव पहिल्यांदा कशा कागदावर जावं, हे अजून तुमच्या हातात आहे.

रायफल मोटारसायकलला बांधून ठाण्यात नेऊ नका. आधी लेखी अर्ज द्या. त्यात आप्पांच्या मृत्यूची तारीख, परवाना क्रमांक, रायफलीवरचा क्रमांक, जिवंत आणि रिकाम्या काडतुसांची संख्या लिहा. ठाणे अंमलदार सांगतील त्या वेळी, त्यांच्या माणसाबरोबर किंवा वकिलाबरोबर रायफल न्या. २०१६ च्या शस्त्र नियमांत वारसाला परवाना देण्याची तरतूद आहे. मृत्यूचा दाखला, मूळ परवाना आणि बाकी वारसांचं, म्हणजे आई आणि बहिणींचंही, ना-हरकत प्रतिज्ञापत्र जोडून जळगावला जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. बहिणीची सही राहिली म्हणून फाईल अडल्याचं मी नेहमी बघतो. परवाना मिळाला की ज्याची काडतुसं दुकानात मिळतात असं शस्त्र, बारा बोअरची बंदूक किंवा .३१५ बोअरची रायफल, बदलून घेण्याची परवानगी मागता येते. तुमची गरज रखवालीची असेल तर खरा उपाय हाच.

डुकरांचं दुखणं मला ठाऊक आहे, एका रात्रीत घड लोळवलेले मी पाहिलेत. तरी वनखात्याच्या परवानगीविना रानडुक्कर मारलंत तर वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चा दुसरा गुन्हा होईल, रायफल परवान्याची असली तरी. नुकसान दिसताच फोटो काढा आणि लगेच वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज देऊन पंचनामा करून घ्या. भरपाई त्याच कागदावर मिळते.

जमा केल्याची पावती घेताना तिच्यावर रायफलीचा क्रमांक, काडतुसांची संख्या, तारीख आणि ठाण्याचा शिक्का आहे ना, ते तिथेच उभं राहून वाचा. मुदतीत परवाना किंवा विक्रीचा निर्णय झाला नाही तर शस्त्र सरकारजमा होऊ शकतं, म्हणून वारसाचा अर्ज त्याच आठवड्यात टाका आणि त्याला पावतीची झेरॉक्स जोडा.