माझी 14 वर्षांची मुलगी मंडळाच्या संघातून कबड्डी खेळते. पुढे तिला कोणत्या अडचणी येतील आणि घरच्यांनी काय करावं?

ती चढाईला जाते की पकडीला उभी राहते, हे तुम्ही लिहिलेलं नाही. पण काळजीच्या गोष्टी दोन्हीकडे जवळपास त्याच आहेत. मी स्वतः मंडळाकडून खेळले आणि आता मुंबई उपनगरातल्या एका मंडळात मुलींचा सराव घेते. बोनस कसा घ्यायचा, कोपऱ्यातून पाय कधी टाकायचा हे मंडळ शिकवेल, त्यात घरच्यांनी पडू नये. पैशांची ओढाताण असतेच, पण निव्वळ पैशांपायी खेळ सुटलेल्या मुली मला कमी दिसल्या. गुडघा, अशक्तपणा आणि रात्री उशिरा येण्यावरून घरात होणारी भांडणं, या तिन्हींनी जास्त मुली घरी बसवल्या.

आधी वजन, कारण तुमच्या मुलीचा प्रश्न लगेच तोच असणार. किशोरी गटाला वयाची मर्यादा 16 आणि वजनाची 55 किलो. निवड चाचणी जवळ आली की मुली रात्रीचं जेवण सोडतात, काट्यावर उभं राहायच्या दिवशी सकाळपासून पाणीसुद्धा पीत नाहीत आणि मग त्याच दिवशी उन्हात सामने खेळतात. प्रशिक्षकाला हे दिसत असतं. पण चांगली चढाईपटू वजनात बसली नाही तर संघ लंगडा होतो, म्हणून तोही बोलत नाही. तुम्ही बोला. मुलीची उंची वाढतेय आणि वजन 55च्या पुढे चाललंय, तर ते वाढू द्या आणि तिला वरच्या कुमारी गटात खेळू द्या. पाळी सलग तीन महिने आली नाही तर ‘खेळामुळे होतं असं’ म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांकडे न्या. पोट मारून खेळणाऱ्या मुलींत हे होतं, आणि पुढे हाडं कमजोर होतात.

त्याच फेरीत हिमोग्लोबिन तपासून घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) देशातल्या 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी 59 टक्के मुलींत रक्तक्षय आढळला होता. तिसऱ्या चढाईला जिचा दम तुटतो तिला आपण सरसकट ‘स्टॅमिना नाही’ म्हणतो आणि मैदानाला आणखी फेऱ्या मारायला लावतो. पुष्कळदा तिला लोह कमी पडत असतं. प्रोटीन पावडरचे डबे आणू नका. अंडी, शेंगदाणे-गूळ, कडधान्यं, पालेभाजी आणि वर लिंबू एवढं रोज पोटात गेलं तरी पुष्कळ. सरावाला निघण्याआधी काहीतरी खाल्लेलं असावं. शाळेतून थेट मैदानावर उपाशी येणाऱ्या मुली मी रोज बघते.

आता गुडघा. आपल्याकडे सराव बहुधा मातीवर, अनवाणी. स्पर्धा मात्र मॅटवर, बूट घालून. मातीत पाय सरकतो. मॅटवर बूट चिकटून राहतो, अंग वळतं आणि गुडघ्यातला लिगामेंट, म्हणजे हाडांना जोडून ठेवणारा पट्टा, तुटतो. अशा वळण्या-थांबण्याच्या खेळांत ही दुखापत मुलींना मुलांपेक्षा जास्त होते. स्पर्धेच्या आधी काही दिवस तरी मॅटवर सराव मिळतो का, हे मंडळाला विचारा. शेजारच्या शाळेत किंवा क्रीडा संकुलात सोय होऊ शकते. उडी मारून गुडघे वाकवून उतरणं, एका पायावर तोल धरणं, मांड्या आणि पार्श्वभागाची ताकद वाढवणं, हे व्यायाम रोजच्या वॉर्मअपमध्ये हवेत. कंटाळवाणे आहेत, मुली टाळतात.

आणि कधी ‘कट्’ आवाज होऊन काही तासांत गुडघा सुजला, तर गुडघा बसवून देणाऱ्याकडे अजिबात नेऊ नका, तेलाने चोळूही नका. बर्फ लावा आणि अस्थिरोगतज्ज्ञ गाठा. लिगामेंटची शस्त्रक्रिया झाली तर मैदानावर परतायला किमान नऊ महिने धरा. विमा आमच्या मंडळाकडे नाही, तुमच्याकडेही बहुधा नसेल. घरच्या आरोग्य विम्यात मुलीचं नाव आहे का तेवढं बघून ठेवा.

रात्रीच्या प्रश्नावर आमच्याकडे एकच उपाय चालला: एका बाजूला राहणाऱ्या मुलींचा गट करून पालकांनी आळीपाळीने सोबत करायची. बाहेरगावच्या स्पर्धेला संघाबरोबर जबाबदार बाई जाणार का आणि मुली राहणार कुठे, हे निघण्याआधी विचारा. विचारल्यावर चिडणारं मंडळ असेल तर मुलीला तिथून काढा.

पुढे काय, याचं मी गोड उत्तर देणार नाही. 2014 साली सुरू झालेली प्रो कबड्डी मुलांची आहे. 2016मध्ये तिच्या जोडीने महिलांची तीन संघांची छोटी स्पर्धा झाली, ती काही रुजली नाही. पण मुंबईच्या शिवशक्ती संघातून घडलेली सोनाली शिंगटे 2018च्या आशियाई स्पर्धेत रौप्य जिंकणाऱ्या भारतीय संघात होती. पुण्याची स्नेहल शिंदे 2023मध्ये हांगझोऊला झालेल्या आशियाई स्पर्धेतल्या सुवर्णविजेत्या संघात होती. त्याखालच्या पायरीवर शासकीय नोकरीतलं खेळाडूंचं 5 टक्के आरक्षण आहे, पण ते प्रमाणपत्राची पडताळणी झाल्यावरच. दहावी-बारावीचे सवलतीचे गुणही प्रमाणपत्र दाखवल्यावरच मिळतात. त्यामुळे प्रत्येक स्पर्धेचं मूळ प्रमाणपत्र मंडळाच्या कपाटात न ठेवता घरी आणा, आणि त्यावरचं नाव व जन्मतारीख शाळेच्या दाखल्याशी तिथल्या तिथे जुळवून बघा.