ख्रिस्ती अध्यात्मात स्वतःला रिकामं करणं म्हणजे मीपण मिटवून देवात विरून जाणं का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. हे अद्वैतासारखंच आहे का, आणि सगळ्यांचं निमूट ऐकून घेणारा माणूस म्हणजेच स्वतःला रिकामं करून प्रेम करणारा का. मी साताऱ्यातल्या मराठी ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वाढलो. पाळक (चर्चचा धर्मगुरू) नाही, धर्मशास्त्र शिकलेलो नाही. दोन्हींना माझं उत्तर ‘नाही’ असंच आहे.

ही कल्पना येते ती ख्रिस्ताचा प्रेषित पौल याने फिलिप्पै (आजच्या ग्रीसमधलं गाव) इथल्या मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायातून. पौल तेव्हा तुरुंगात होता. फिलिप्पै ही रोमन वसाहत, निवृत्त सैनिकांना जमिनी देऊन वसवलेली, आणि रोमन नागरिकत्वाचा तिथे भलता तोरा. अशा गावाला तो सांगतो की ख्रिस्त देवाच्या बरोबरीचा असूनही तो मान धरून बसला नाही. त्याने स्वतःला रिक्त केलं, दास झाला आणि वधस्तंभावरचं, म्हणजे क्रूसावरचं, मरण सोसलं. वधस्तंभ म्हणजे दासांची आणि बंडखोरांची शिक्षा. ऐकणाऱ्यांना ते चांगलंच झोंबलं असणार.

एवढं मोठं बोलायची गरज का पडली? मंडळीत कुरबुरी होत्या. चौथ्या अध्यायात पौल युवदीया आणि सुंतुखे या दोघींना नाव घेऊन विनवतो, एकचित्त व्हा म्हणून. दोघीही सुवार्तेच्या (ख्रिस्ताचा संदेश सांगण्याच्या) कामात त्याच्याबरोबर राबलेल्या. (आमच्याकडच्या चर्च कमिटीच्या निवडणुका पाहिल्या की दोन हजार वर्षांत फार काही बदललंय असं वाटत नाही.)

आता तुमचा दुसरा प्रश्न. या पत्रात खाली उतरतो तो सगळ्यात वर बसलेला. हातात काही असलेल्याने ते सोडायचं आहे. बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायातही पाय धुतो तो गुरू येशू, शिष्य नव्हे. आपल्याकडे मात्र हा उपदेश नेमका सुनेला, गरिबाला, गावकुसाबाहेरून आलेल्याला ऐकवला जातो आणि खुर्चीवरचा आमेन म्हणून मोकळा होतो. ज्याला आधीच दास करून ठेवलंय त्याला ‘आणखी रिकामा हो’ म्हणणं मला तरी ख्रिस्ताचं वाटत नाही.

साताऱ्याचंच उदाहरण देतो. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि इथे ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा (ख्रिस्ती होण्याचा पाण्याचा विधी) घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त तिथे एकत्र यावेत ही त्यांची इच्छा होती. दोन वर्षांतच, 1919 मध्ये, ते वारले. माणूस मोठाच. पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र वाचा: टिळक समोर आलेल्याला घरातलं उचलून देणार आणि संसाराची तोंडमिळवणी करायची लक्ष्मीबाईंनी. आपण रिकामं होताना डबा कुणाचा रिकामा होतोय, हे विचारायलाच हवं.

अद्वैताबद्दल. योहानाच्या सतराव्या अध्यायात येशू देवाकडे मागतो की बाप (म्हणजे देव) माझ्यात आणि मी बापात आहे तसे हे सगळे एक व्हावेत. तिथे मिठाचा खडा पाण्यात विरत नाही. बाप बापच राहतो, पुत्र पुत्रच. ‘तू’ म्हणणारा आणि ते ऐकणारा दोघंही शिल्लक असतात, म्हणून तर प्रेमाला जागा उरते. ख्रिस्ताचं देवपणही या रिकामं होण्यात हरवलं नाही, असं इ.स. 451 मध्ये खाल्केदोनला भरलेल्या चर्चच्या परिषदेपासून बहुतेक सगळी चर्चेस मानत आली आहेत. तुम्हाला आपल्याकडचं जवळचं काही हवंच असेल तर अद्वैतापेक्षा तुकोबा घ्या. त्यांनी मुक्ती नको म्हटलं, संतसंग मिळणार असेल तर खुशाल पुन्हा गर्भवासात घाल म्हटलं. टिळक स्वतः तुकोबांच्या पुलावरूनच ख्रिस्ताकडे आलो असं म्हणत.

आणि माणसामाणसांतली एकता? 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा वेगवेगळ्या पंथांची चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. ज्यांच्याकडे बिशप (पाळकांवरचे प्रमुख) नव्हते त्यांनी बिशप स्वीकारले. बालकांना बाप्तिस्मा देणारे आणि जाणत्या वयातच देणारे, दोघांनी एकमेकांची पद्धत चालवून घेतली. एकानेही आपली पद्धत पुसून टाकली नाही, फक्त ‘माझंच खरं’ हा हट्ट सोडला. मालमत्तेवरून मात्र पुढे खटले झाले आणि त्यातला एक सुप्रीम कोर्टापर्यंत गेला.