गेमपॅड सोडून जॉयस्टिक, योक, रडर पेडल्स घेतल्याने फ्लाइट सिम्युलेटरमध्ये खरंच फरक पडतो का? आधी काय घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की दोन वर्षं गेमपॅडवर मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर चालवताय, बहुतेक वेळा सेसना १७२, आणि उतरताना विमानाचं नाक सारखं वर-खाली होतं. मी २०२१ पासून हाच सिम उडवते, त्यातली पहिली अडीच वर्षं पॅडवर, त्यामुळे तुमचं दुखणं मला चांगलंच ओळखीचं आहे. फरक पडतो, आणि भरपूर पडतो. पण तो कशामुळे पडतो ते आधी बघा, म्हणजे पैसे भलत्याच वस्तूवर खर्च होणार नाहीत.

पॅडवरची अंगठ्याखालची काडी मधल्या जागेपासून कडेपर्यंत जेमतेम एक सेंटिमीटर सरकते. एलिव्हेटरचा, म्हणजे नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीतल्या आडव्या झडपेचा, सगळा पल्ला तेवढ्यात कोंबलेला असतो. फायनलवर, म्हणजे धावपट्टीसमोरच्या शेवटच्या सरळ उतरणीवर, ६५ नॉटने येताना नाक किंचित उचलायचं असतं, त्यासाठी अंगठा केसभर हलायला हवा, आणि माणसाचा अंगठा केसभर हलत नाही. तो थोडा जास्तच जातो. नाक उठतं, तुम्ही पुढे ढकलता, नाक पडतं, तुम्ही परत ओढता. वैमानिक याला पीआयओ म्हणतात, म्हणजे चालवणाऱ्याच्याच दुरुस्त्यांनी वाढत गेलेले हेलकावे. तुमचा हात वाईट नाही, त्याला जागाच मिळत नाहीये. जॉयस्टिकवर तीच दुरुस्ती मनगट आणि अर्धा हात मिळून करतात, आणि दांड्याचं टोक कितीतरी सेंटिमीटर फिरतं. पहिल्याच दिवशी हेलकावे निम्म्याने कमी झाल्यासारखे वाटतील.

दुसरी गोष्ट थ्रॉटलची. पॅडवर तो बटणाने वाढतो, बटणाने कमी होतो. आत्ता किती ताकद दिली आहे हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय कळत नाही, आणि उतरताना डोळे धावपट्टीवरून काढायला सवड नसते. साधी सरकपट्टी असली तरी ती ठेवली तिथे राहते, आणि ‘मी अर्ध्याच्या जरा खाली आहे’ हे हाताला ठाऊक असतं.

तरीही एक रुपया खर्च करण्याआधी, आज रात्री पॅडवरच ट्रिम शिकून घ्या. हे मी कळकळीने सांगते, कारण माझी दोन वर्षं इथे वाया गेली. मी फायनलवर अंगठा सतत मागे ओढून धरायचे आणि बोट दुखलं की नाक पडायचं. सेसनामध्ये थ्रॉटलच्या खाली एक उभं काळं चाक असतं, ते ट्रिम व्हील. काम एवढंच, की ठरलेल्या वेगाला हातावर जोर येऊ द्यायचा नाही. आधी काडीने नाक हवं तिथे आणा, थ्रॉटल ठरवा, वेग स्थिर होऊ द्या, मग ट्रिम थोडं थोडं फिरवत काडी हळूहळू सोडत जा. काडी पूर्ण सुटली आणि विमान तसंच चाललं, की झालं. स्प्रिंगच्या जॉयस्टिकवरही असंच करायचं असतं. खऱ्या १७२ मध्ये योक, म्हणजे विमानाचं स्टिअरिंगसारखं हँडल, ट्रिम केलेल्या जागी टेकून राहतो, आपल्या टेबलावरची स्टिक मात्र मध्यावर परत येते. म्हणून सोडणं आणि फिरवणं एकाच वेळी करावं लागतं. दोन-चार संध्याकाळींत हात बसतो. स्टिकला ट्रिमसाठी दोन बटणं लावून ठेवा, ती दिवसभरात सगळ्यात जास्त वापराल.

आता काय घ्यायचं. माझं मत स्पष्ट आहे: आधी पिळता येणारी स्टिक, मग पेडल्स, आणि योक सगळ्यात शेवटी, तोही मनापासून हवा असेल तरच. पिळता येणारी म्हणजे जिचा दांडा स्वतःभोवती डावी-उजवीकडे वळतो आणि रडर, म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवणारी शेपटीतली उभी झडप, चालवतो. त्यासोबत पायथ्याशी थ्रॉटलची छोटी पट्टी असते. लॉजिटेकची एक्स्ट्रीम थ्रीडी प्रो किंवा थ्रस्टमास्टरची टी.१६०००एम या त्या प्रकारातल्या. अशी साधी स्टिक चार आकडी किमतीत बसू शकते, बरी पेडल्स आणि योक पाच आकड्यांत जातात.

घेताना आतल्या सेन्सरबद्दल नक्की विचारा. पोटेन्शियोमीटर असेल तर आत एक टोक कार्बनच्या पट्टीवर घासत असतं, आणि घासणारी वस्तू झिजते. हॉल सेन्सर चुंबकावर चालतो, तिथे घासायला काही नसतं. टी.१६०००एमच्या दांड्याला हॉल सेन्सर आहेत. मी पहिली स्टिक जुनी विकत घेतली होती, दुसऱ्या एका कंपनीची. महिनाभरात हात न लावताही विमान उजवीकडे कलायला लागलं. विंडोजच्या गेम कंट्रोलरच्या खिडकीत बघितलं तर ते बारीक अधिकचं चिन्ह मध्यावर थरथरत होतं आणि मधूनच उडी मारत होतं. डेड झोन, म्हणजे मध्याजवळची जेवढी हालचाल सिम धरतच नाही तो पट्टा, वाढवून मी काही आठवडे ढकलले, पण मग मधल्या बारीक हालचालीच मेल्या, आणि नेमक्या त्याच आपल्याला हव्या असतात. जुनी घेणार असाल तर ती खिडकी समोर उघडायला लावा, दांडा सावकाश फिरवा, सोडा, आणि चिन्ह शांत बसतं का बघा. मगच पैसे द्या.

योक शेवटी का, तर १७२ किंवा बोइंग ७३७ उडवणाऱ्याला तो दिसायला बरोबर वाटतो, पण टेबलाला घट्ट आवळावा लागतो. टेबलाखाली ड्रॉवर असेल तर शिकंजा बसत नाही, आणि कीबोर्ड ठेवायला जागा उरत नाही. शिवाय सगळे योक सारखे नसतात. काही दोन्ही बाजू मिळून ९० अंशच फिरतात, हनीकोंबचा अल्फा १८० अंश फिरतो, आणि चालवताना हा फरक चांगलाच जाणवतो. एअरबस आवडत असेल तर योकचा प्रश्नच नाही. ए-३२० मध्ये वैमानिकापाशी साइडस्टिकच, म्हणजे बाजूला बसवलेली छोटी स्टिकच, असते, कॅप्टनच्या डाव्या हाताला. इंडिगोच्या ज्या विमानांतून आपण पुणे-दिल्ली करतो त्यांतली बहुतेक याच घराण्यातली.

पेडल्सबद्दल मात्र मी हातचं राखून लिहिणार नाही, कारण विमान काय करतंय हे मला पहिल्यांदा पायांनी कळलं. १७२ चा पंखा वैमानिकाच्या जागेवरून बघितला तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. पूर्ण ताकद दिली आणि नाक उचललं की विमान डावीकडे खेचलं जातं. पॅडवर हे तुम्हाला बहुधा जाणवलंच नसेल, कारण मदतीच्या यादीतलं ऑटो-रडर ते गुपचूप सावरत असतं. ते बंद करून पेडल्सवर पहिलं उड्डाण केलं तेव्हा माझं विमान धावपट्टीच्या डाव्या कडेकडे निघालं. दुसऱ्या वेळी उजवा पाय हळूच दाबत नेला आणि मधली पांढरी रेघ नाकाखालीच राहिली. ५५ नॉटला चाकं सुटेपर्यंत उजव्या पोटरीत ताण होता. वळणातही तेच. टर्न कोऑर्डिनेटर या वळण दाखवणाऱ्या तबकडीतला काळा बॉल ज्या बाजूला पळेल, त्या बाजूचं पेडल दाबायचं. आणि आडव्या वाऱ्यात टेकताना शेवटच्या क्षणी नाक धावपट्टीच्या रेषेत आणायचं असतं, ते पिळण्याच्या दांड्यावर जमतं पण चिकाटी लागते. मनगट पिळताना पंखही नकळत कलतात.

घरातल्या अडचणी मात्र कुठल्या खोक्यावर छापलेल्या नसतात. आपल्याकडच्या गुळगुळीत फरशीवर पेडल्स पुढे पळतात आणि चाकांची खुर्ची मागे पळते. जोरात ब्रेक दाबला की मी टेबलापासून हातभर लांब. शेवटी पेडल्स भिंतीला टेकवली, खाली रबरी पायपुसणं टाकलं आणि स्वयंपाकघरातली लाकडी खुर्ची आणली. टाचा जमिनीवर ठेवा, चवडा पेडलवर, पाय अनवाणी. टेबलाची उंची अशी हवी की स्टिक धरल्यावर खांदा उचलला जाणार नाही.

जोडणी करताना पॅडची वायर काढून टाका. दोन्ही जोडलेले राहिले तर दोघंही तेच विमान ओढायला बघतात, थ्रॉटल आपोआप उडतो, आणि माणूस तासभर भलतीकडेच दोष शोधत बसतो. पॅडसाठी सेन्सिटिव्हिटीची वक्ररेषा (काडी किती हलली की विमानाला किती कळवायचं ते ठरवणारी) खूप चपटी केली असेल तर ती नव्या स्टिकला लावू नका, सरळ रेषेपासून सुरुवात करा. मध्यावर फार चपळ वाटली तरच थोडी वाकवा. डेड झोन शून्याजवळ ठेवा. थ्रॉटलची पट्टी पुढे सरकवल्यावर ताकद कमी होत असेल तर काही बिघडलेलं नाही, त्या अक्षासमोर रिव्हर्सची खूण करा.

पहिला आठवडा तुम्ही आत्तापेक्षा वाईट उडवाल, हे धरूनच चाला आणि पॅड परत जोडू नका. मी नाशिकची, ओझरला बनलेली लढाऊ विमानं डोक्यावरून जाताना बघत वाढले, म्हणून माझा सराव ओझरच्या धावपट्टीवरच झाला. ती लांब-रुंद आहे, चुका पोटात घालते. आधी तीन हजार फुटांवर जाऊन सरळ उडा, ट्रिम करा, हात मांडीवर ठेवा आणि तीस आकडे मोजा. उंची शंभर फुटांच्या आत राहिली तर पुढचं शिकायला तुम्ही तयार आहात. मग बॉल मध्यात ठेवून तीस अंशांची वळणं. मग धावपट्टीभोवती चकरा आणि उतरणं, दिवसाला पाच-सहा, जास्त नको.

हात बसला की जुहूला जा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे.आर.डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे पस मॉथ विमानातून जिथे उतरले, तेच हे जुहू. शून्य-आठ धावपट्टीवर येताना खाली समुद्र असतो, मग वाळू, मग लगेच डांबर. वेग पाच नॉट जास्त असला तर विमान तरंगत राहतं आणि उरलेली पट्टी झपाट्याने संपते. पेडल्स आल्यावर अकराव्या दिवशी मी तिथे पहिल्यांदा नीट टेकले. आधी मागची दोन चाकं लागली, मग नाकाचं चाक सावकाश खाली आलं, आणि माझ्या लक्षात आलं की शेवटची वीस सेकंदं मी हाताकडे एकदाही बघितलं नव्हतं.

पीसीवर चालवता की एक्सबॉक्सवर, ते तुम्ही लिहिलेलं नाही. एक्सबॉक्स असेल तर ऑर्डर देण्याआधी थांबा. पीसीची प्रत्येक स्टिक तिथे चालतेच असं नाही, खोक्यावर एक्सबॉक्सचा स्पष्ट उल्लेख हवा. टी.१६०००एम तिथे चालणार नाही, थ्रस्टमास्टरचीच टी.फ्लाइट होटास वन चालेल, आणि तिचा दांडाही पिळता येतो. तुमच्या टेबलाचं माप आणि बजेट लिहिलंत तर नेमकं काय बसेल ते सांगते.