श्वासाचा क्लास लावा, पण मशीन सोडू नका (स्लीप अ‍ॅप्निया)

वडिलांना हा झोपेत श्वास अडकण्याचा आजार, एएचआय (झोपेत तासाला किती वेळा श्वास अडकतो किंवा कमी पडतो तो आकडा) ३४, मास्क लावला की घुसमटतात, आणि आता कुणीतरी सांगितलेला श्वासाचा कोर्स करून सीपॅप (झोपताना मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन) बंद करायचं म्हणताहेत, हे तुमचं वाचलं आणि आमचीच गोष्ट कुणी लिहिली की काय असं झालं. आमच्याकडे पेशंट म्हणजे आमचे हे. मी डॉक्टर नाही, पेशंटची बायको म्हणून लिहितेय, तेवढंच धरा.

घोरणं, वजन, कुशीवर झोपणं हे तुम्हाला माहीत असणारच. सरळ ह्यांनी लावलेल्या श्वासाच्या क्लासवर येते.

शिकवायचे ते वाईट नव्हतं. नाकाने, सावकाश, कमी हवा घ्यायची. ह्यांची दिवसाची धाप खरंच कमी झाली. माझं भांडण त्यांच्या मोजमापाशी आहे. श्वास सोडून नाक चिमटीत धरायचं आणि किती सेकंद निभतं ते बघायचं. सेकंद वाढले की शाबासकी. शिवाय एक तक्ता, रोज सकाळी पेशंटने भरायचा: 'रात्री श्वास अडकला का?' अहो, ज्याचा अडकतो तो झोपलेला असतो! हे इमानेइतबारे 'नाही' लिहायचे. शेजारी मी टक्क जागी. घोरणं एकदम बंद व्हायचं, पोट वरखाली होतंय पण नाकाशी हात धरला तर वारा नाही, मग मोठा आचका आणि पुन्हा सुरू. हे सांगायला गेले तर म्हणे घरच्यांच्या काळजीने पेशंट मागे पडतो. तोंडाला चिकटपट्टी लावायला लावली, आवाज कमी झाला, तर लगेच 'फरक पडला'. आवाज गेला म्हणजे अडथळा गेला असं थोडंच आहे? वर मशीनने फुफ्फुसं आळशी होतात, ती बंद करा, आणि पुन्हा स्लीप स्टडीची (झोपेत श्वास तपासायची टेस्ट) गरज नाही, असं सांगायचे. शेवटी आमच्या डॉक्टरांनीच हट्टाने टेस्ट करवली. आकडा होता तिथेच. पैसे गेले त्याचं सोडा, पण मधल्या काळात हे डुलक्या घेत गाडी चालवत होते, त्याचा राग अजून जात नाही.

जागेपणी घशाचे स्नायू ताठ असतात. झोपेत ते सैल पडतात, जीभ मागे सरकते आणि वाट बुजते. सीपॅप तुमच्या वतीने श्वास घेत नाही, हवेच्या दाबाने ती वाट उघडी ठेवतं, एवढंच. मग फुफ्फुसं आळशी कशी होतील?

व्यायामाने काहीच होत नाही असंही नाही. ब्राझीलमध्ये २००९ साली मध्यम अ‍ॅप्नियाच्या ३१ जणांवर प्रयोग झाला. एका गटाला जीभ, टाळू आणि घशाचे व्यायाम, रोज अर्धा तास, तीन महिने. त्यांचा एएचआय सरासरी २२ वरून १४ च्या आसपास आला. दुसऱ्या गटाला तुलनेसाठी काय दिलं होतं माहितेय? दीर्घश्वसन! त्यांचा कमी झाला नाही. त्याआधी, २००६ मध्ये, स्वित्झर्लंडमध्ये लोकांना चार महिने डिजेरिडू हे लांब लाकडी वाद्य फुंकायला लावलं, त्यांनाही फायदा झाला. पण हे सगळे मध्यम गटातले. ३० च्या वर तीव्र धरतात, म्हणजे तुमच्या वडिलांना हे लागू पडेलच असं नाही. माझ्या मते जिभेचे व्यायाम करावेत, पण मशीन चालू ठेवून, आणि सोडायचा निर्णय फक्त नव्या स्लीप स्टडीवर आणि डॉक्टरांना विचारून. क्लासवाल्यांनी टेस्टला नाही म्हटलं तर तिथून उठा.

आणि घुसमटण्याचं आधी बघा ना. मास्कचं माप बरोबर आहे का, नाक चोंदतंय का, दाब हळूहळू वाढायची सोय मशीनमध्ये चालू केलीय का. आम्हाला विक्रेत्याने अख्खं तोंड झाकणारा, तोही मोठ्या मापाचा मास्क गळ्यात मारला होता. वडिलांना मिशा असतील तर तेही सांगा, हवा तिथूनच गळते. ह्यांनी मिशी काढायला साफ नकार दिला, मग नाकपुड्यांत बसणारा छोट्या उशीसारखा मास्क आणला, त्यावर गाडं रुळावर आलं.