वाचकांचे प्रश्न : हंगाम सरल्यावरची खरेदी

प्रश्न : येत्या डिसेंबरात आम्ही दोघे आणि आमची दहा वर्षांची मुलगी उत्तराखंडातील केदारकंठाच्या ट्रेकला जाणार आहोत. सध्या फेब्रुवारीत गरम कपडे, बूट आणि ट्रेकच्या साहित्यावर भरघोस सवलत दिसते आहे. सगळे आताच घेऊन ठेवावे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : काही वस्तू आताच घ्याव्यात, काही मात्र मुळीच घेऊ नयेत. ही सवलत कशापोटी मिळते हे आधी लक्षात घेतले, म्हणजे निवड सोपी होते. महाराष्ट्रातील थंडी जेमतेम अडीच-तीन महिन्यांची. दिवाळीच्या सुमारास आपल्या शहरांत स्वेटरची दुकाने मांडणारे तिबेटी विक्रेते पुष्कळसा माल लुधियानाहून आणतात आणि थंडी ओसरली की आपापल्या वसाहतींकडे परततात. त्यामुळे निघण्यापूर्वी शक्य तितका माल खपवणे त्यांच्या सोयीचे असते. मोठ्या दुकानांनाही उन्हाळी कपड्यांसाठी जागा मोकळी करायची असते. म्हणजे विक्रेत्याची अडकलेली रक्कम सुटते आणि तो माल दहा महिने सांभाळण्याचे काम आपल्या अंगावर येते. सवलत मिळते ती या सांभाळण्यापोटी. म्हणून टक्केवारी पाहण्याआधी प्रत्येक वस्तूबाबत एवढेच विचारावे, की मधला पावसाळा ती आपल्या कपाटात धडपणे काढील का.

थर्मलचे कपडे, फ्लीस (कृत्रिम धाग्याचे मऊ, लवदार उबदार कापड), लोकरी पायमोजे, कानटोपी आणि हातमोजे हा पावसाळा सहज काढतात. तुम्हा दोघांसाठी ते निःशंकपणे आताच घ्यावेत. लोकरीला कसर लागू नये म्हणून वापरलेला कपडा धुऊन, कडक वाळवून, घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत ठेवावा. घामाचे आणि अन्नाचे डाग राहिले, तर कसर आधी तिथेच लागते.

पिसे भरलेले जॅकेट, म्हणजे डाऊन जॅकेट, घेताना अधिक विचार करावा. त्यावर छापलेला ६०० किंवा ७०० हा आकडा पिसांची फुगण्याची क्षमता सांगतो. ऊब मात्र आत किती ग्रॅम पिसे भरली आहेत यावरही तितकीच अवलंबून असते, आणि ते वजन पुष्कळदा छापलेलेच नसते. दोन जॅकेटांची तुलना करताना ते विचारून घ्यावे. असे जॅकेट त्याच्या छोट्या पिशवीत कोंबून महिनोन्‌महिने ठेवले, तर पिसे दबून राहतात आणि ऊब कमी होते. ते मोकळे टांगून ठेवावे. कपाटात ओल येत असेल, तर कृत्रिम तंतू भरलेले जॅकेट अधिक बरे, कारण पिसे भिजली की त्यांची ऊब जवळजवळ नाहीशी होते, कृत्रिम भरण मात्र ओले असतानाही काही ऊब धरून ठेवते.

मुलीचे कपडे आता घेऊ नयेत. या वयात मुले वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर वाढतात. जॅकेट थोडे मोठे चालेल, पण थर्मल अंगाला बिलगूनच बसले पाहिजे, नाहीतर त्याचा उपयोग होत नाही. तिची खरेदी नोव्हेंबरात करावी. जाड जॅकेट नात्यातल्या एखाद्या थोड्या मोठ्या मुलाचे मिळाले, तर उत्तमच.

सर्वांत जास्त सावध बुटांबाबत राहावे. ट्रेकच्या अनेक बुटांच्या सोलमध्ये पॉलियुरेथेनचा मऊ थर असतो. हवेतील दमटपणामुळे हा थर हळूहळू विघटित होतो आणि काही वर्षांनी, बूट एकदाही न वापरता खोक्यात पडून असले तरी, भुसभुशीत होऊन तुटतो. दुकानाच्या गोदामात दोन-तीन वर्षे पडून राहिलेला जोड निम्म्या किमतीत घेऊन तो आणखी एक पावसाळा घरात ठेवला, तर डोंगराच्या ऐन उतारावर सोल सुटण्याचा धोका आपण विकत घेतलेला असतो. हा ट्रेक जिथून सुरू होतो त्या सांक्री गावाच्या पुढे बर्फात हे घडले, तर पैशांचे नुकसान ही सर्वांत लहान बाब ठरेल. म्हणून बूट ऑक्टोबरात घ्यावेत, खोक्यावर छापलेला उत्पादनाचा महिना आणि वर्ष पाहावे, जाड पायमोजे घालून संध्याकाळी मापाचे पाहावेत आणि सिंहगडासारख्या ओळखीच्या वाटेवर चार-सहा वेळा वापरून पायाला सरावाचे करून घ्यावेत. बुटांवर चार पैसे जास्त गेले तरी मला ते योग्य वाटते. जलरोधक जॅकेटच्या आतला लेपही दमट हवेत जुना होऊन चिकट होतो. तेही अनेक वर्षांचे शिल्लक असेल, तर सवलत कितीही असली तरी घेऊ नये.

तंबू आणि स्लीपिंग बॅग बहुधा ट्रेक नेणारी संस्थाच पुरवते, तर जाड जॅकेट, गेटर (बुटांत बर्फ शिरू नये म्हणून पोटरीवर बांधायचे आवरण), बर्फावर चालण्यासाठी बुटांना लावायचे काटे असे सामान सांक्रीत भाड्याने मिळते. संस्थेकडून यादी मागवून घेतल्याशिवाय यांतले काहीच विकत घेऊ नये. एकाच ट्रेकसाठी लागणाऱ्या वस्तूवरची सवलत मी बचतीत धरत नाही.

प्रश्न : सेलमध्ये घेतलेल्या जॅकेटची चेन पहिल्याच वापरात तुटली. ‘सेलमधील माल परत घेतला जात नाही’ अशी पाटी दाखवून दुकानदाराने नकार दिला. काही करता येईल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : हो. रंग आवडला नाही म्हणून परत करणे वेगळे आणि सदोष माल परत करणे वेगळे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार पावतीवर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांत, सदोष माल परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. आधी दुकानाला लेखी कळवावे, पावतीचे आणि तुटलेल्या चेनचे छायाचित्र जोडावे. दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. हंगामाबाहेरच्या खरेदीत मोठी अडचण हीच असते, की वस्तू आठ-दहा महिने उघडलीच जात नाही आणि दोष कळतो तेव्हा मुदत उलटून गेलेली असते. त्यामुळे घरी आणताच जॅकेट अंगावर घालून पाहावे, सगळ्या चेन दहा वेळा उघडून-मिटवून पाहाव्यात, शिवणी ताणून बघाव्यात आणि पावती जॅकेटच्याच खिशात ठेवावी.

प्रश्न : माझा मुलगा ऑगस्टमध्ये शिक्षणासाठी कॅनडातील विनिपेगला जाणार आहे. इथल्या सेलमधून त्याच्यासाठी जाड कोट घ्यावा का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : कोट आणि बर्फातले बूट इथून घेऊ नयेत. विनिपेगच्या हिवाळ्यात पारा काही रात्री उणे ३० अंशांच्याही खाली जातो. आपल्याकडे सर्वसाधारणपणे मिळणारा कोट त्या थंडीसाठी केलेलाच नसतो आणि तो बॅगेतले वजन मात्र खातो. थर्मलचे दोन-तीन जोड, लोकरी पायमोजे आणि एक चांगला स्वेटर सवलतीत घेऊन द्यावा.

तिकडे मोठी सवलत २६ डिसेंबरच्या बॉक्सिंग डेपासून सुरू होते आणि मार्चपर्यंत वाढत जाते. पण बर्फ नोव्हेंबरातच पडू लागतो, म्हणून पहिल्या वर्षी सेलची वाट पाहत बसणे धोक्याचे आहे. मुलाने सप्टेंबरातच व्हॅल्यू व्हिलेज किंवा साल्वेशन आर्मीच्या जुन्या कपड्यांच्या दुकानांतून एक दणकट, गुडघ्यापर्यंतचा कोट घ्यावा. तिथे वापरलेला कोट तिथल्याच थंडीच्या बेताचा असतो. बूट मात्र नवेच घ्यावेत. पुढे फेब्रुवारी-मार्चमध्ये, आपल्याला कशाची थंडी वाजते हे कळल्यावर, पुढील वर्षांसाठीचा चांगला कोट त्याने सवलतीत घ्यावा.