तेरावा आठवडा

“मॅडम, हिचं अभ्यासात लक्षच लागत नाही.”

आईने हे वाक्य मुलीकडे न बघता म्हटलं, पाठ करून आणल्यासारखं. मुलगी अकरावीची. पाण्याच्या बाटलीवरचं लेबल नखाने सोलत बसलेली. नाशिकमध्ये सातपूरला राहणाऱ्या या बाई दोन रिक्षा बदलून गंगापूर रोडला माझ्याकडे, म्हणजे समुपदेशकाकडे, आल्या होत्या, कारण घराजवळच्या दवाखान्यात कुणीतरी ओळखीचं भेटणारच. मी मुलीला थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं. दार लागलं, आणि आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, “हिला दिवस गेलेत.”

ओळख पटेल असं सगळं मी इथे बदललं आहे. त्या घरात जे घडलं ते मात्र जसंच्या तसं लिहिते, कारण तेच थोड्याफार फरकाने मी पुन्हा पुन्हा पाहते.

आईला कळलं ते कपाटामुळे. दर महिन्याच्या किराण्यात त्या पॅडची दोन पाकिटं आणतात, एक स्वतःला, एक मुलीला. नवं पाकीट ठेवायला गेल्या तर मागची दोन न फोडलेली. मग लांब सिडकोतल्या एका मेडिकलमधून तपासणीचं किट आणलं. दोन रेघा आल्या. त्या रात्री आईने मुलीला मारलं. वडिलांनी हात उचलला नाही; त्यांनी तिच्याशी बोलणं बंद केलं. अंबडच्या एका कंपनीत ते मशीनवर आहेत. नाइट शिफ्ट मागून घेतली, म्हणजे मुलगी घरात असेल तेव्हा आपण झोपलेले असू. असे अकरा दिवस गेले.

त्या अकरा दिवसांत घरात तीन बेत शिजले. दिंडोरीकडची नात्यातली एक बाई काढा देते, तिच्याकडे न्यायचं. नाहीतर मेडिकलवाल्याकडून गोळ्या आणायच्या. आणि तिसरा चुलत्यांनी सुचवलेला: मुलगा माहीत आहे ना, मग गावाकडे आठ दिवसांत लग्न उरकून टाकू. तिन्ही बेतांमागे प्रश्न एकच होता, कुणाला न कळता हे मिटेल कसं? माझ्याकडे येणारे जवळपास सगळे आईबाप हाच प्रश्न घेऊन येतात. मी त्यांना दोष देत नाही. आपल्याकडे अशा बातमीनंतर धाकट्या बहिणीचं स्थळसुद्धा अडतं, हे मला माहीत आहे.

पण मी आईला आधी वेगळंच विचारलं. “शेवटची पाळी कधी आली होती?”

“दोन महिने वर गेलेत.”

“वर गेलेत ते नको. शेवटची आली ती तारीख.”

आईला सांगता येईना. बाहेरून मुलीला बोलावलं, तिने मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये बघून लगेच सांगितली. घरातल्या एकानेही तिला तोवर तारीख विचारली नव्हती. विचारलं होतं ते “कोण आहे तो?” आणि “आम्ही काय कमी केलं तुला?”

गर्भाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून धरतात. पाळी चुकल्यापासून मोजणाऱ्यांचा हिशोब चार-पाच आठवड्यांनी मागे पडतो. घरात सगळे ‘दोन महिने’ म्हणत होते. सोनोग्राफीत तेरावा आठवडा निघाला. आणि आपला गर्भपाताचा कायदा आठवड्यांवर चालतो. १९७१ च्या कायद्यात २०२१ मध्ये बदल झाला. त्यानुसार वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. वीस ते चोवीस आठवड्यांत दोघांचं लागतं, आणि ही सोय ठरावीक स्त्रियांसाठी आहे, त्यात अल्पवयीन मुली येतात. चोवीसच्या पुढे वाट फार अरुंद होते, बहुधा उच्च न्यायालयाच्या दारातून जाते. लाजेपायी घरात गप्प बसून घालवलेला प्रत्येक आठवडा या हिशोबातून वजा होतो.

आईला मी तिन्ही बेतांबद्दल स्पष्ट सांगितलं. काढा देणाऱ्या बाईकडे न्यायचं नाही, यावर चर्चाच नाही. गोळ्या डॉक्टरने तपासून द्यायच्या असतात. न तपासता घेतल्या तर अर्धवट गर्भपात होऊ शकतो, रक्त थांबत नाही. गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत असेल तर नळी फुटून जीव जाऊ शकतो. तेराव्या आठवड्यात घरी बसून हे करणं म्हणजे मुलगी गमावण्याची तयारी. आणि लग्न? मुलगी सोळाची, मुलगा एकोणीसचा. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने असं लग्न लावणाऱ्या आईबापांनाही शिक्षा होऊ शकते: एक लाखापर्यंत दंड, आणि बापाला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरीही. शिवाय २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं आहे की अठराच्या आतल्या बायकोशी ठेवलेला संबंधही बलात्कारच. लग्नाने गुन्हा पुसत नाही, वर आणखी एक चढतो.

“आमच्याच घरात असं का, मॅडम?” आई म्हणाल्या. मी त्यांना सांगितलं की २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ६.८ टक्के मुली आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. त्यात लग्न झालेल्याच जास्त, त्यामुळे तिथे पेढे वाटले जातात आणि इथे दार लावून घेतलं जातं. शरीराला तो फरक कळत नाही. सोळाव्या वर्षी रक्त कमी असणं, रक्तदाब वाढणं, झटके येणं, दिवस भरायच्या आत बाळंत होणं, हे धोके दोघींना सारखेच.

मुलीशी मी एकटीशी बोलले, आणि सुरुवातीलाच एक गोष्ट उघड केली. “तू सांगशील ते माझ्याजवळच राहील, पण एक गोष्ट मला लपवता येत नाही. तू अठराच्या आत आहेस, त्यामुळे कायद्याने मला हे कळवावं लागतं.” २०१२ च्या पॉक्सो कायद्यात, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्यात, अठराखालच्या मुलीची संमती धरलीच जात नाही, आणि ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ते डॉक्टरला लागू आहे तसं मलाही. हे आधी न सांगता मुलीकडून सगळं काढून घेणं मला फसवणूक वाटते. ती बराच वेळ लेबल सोलत राहिली. मग म्हणाली, “त्याला पकडतील?” आणि लगेच, “पप्पा माझ्याशी कधी बोलतील?”

पहिल्या प्रश्नाला मी खोटा दिलासा दिला नाही. प्रेमात पडलेली सोळा वर्षांची मुलगी आणि शोषण झालेली मुलगी, दोघींना हा कायदा एकाच मापाने मोजतो. त्यावर वाद आहे, माझ्याही मनात आहे. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एवढी मोकळीक दिली की परस्परसंमतीच्या संबंधातून अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठी आली, तर तिने आणि पालकांनी विनंती केल्यास डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिचं नाव-पत्ता द्यायची गरज नाही. पोलिसांच्या भीतीने मुली भोंदूंकडे जाऊ नयेत म्हणून. ही सोय पुष्कळ आईबापांना माहीतच नसते. या घराने मात्र पुढे विचार करून स्वतःच तक्रार दिली, कारण हा मुलगा मुलीला तिचे फोटो दाखवून धमकावत होता, हे तिसऱ्या भेटीत बाहेर आलं. मुलीने ते मला सांगितलं. आईला मीच सांगावं अशी तिची इच्छा होती.

दुसऱ्या प्रश्नासाठी मी वडिलांना बोलावलं. नाइट शिफ्ट करून सरळ आले, डोळे तांबारलेले. म्हणाले, “मी हिला एक चापटही मारली नाही.” मी म्हटलं, “दादा, आईने मारलं ते तिला दुखलं, पण मार संपला. तुमचं न बोलणं रोज चालू आहे.” मग त्यांना निफाडकडच्या एका मुलीची हकिकत सांगितली, नाव-गाव कळणार नाही अशी. तिच्या घरच्यांनी सैल कपडे घालून सातवा महिना गाठू दिला. मग हातात बाळंतपणाशिवाय काही उरलं नाही. मूल दत्तकासाठी बालकल्याण समितीमार्फत सोपवलं गेलं. निर्णय फिरवायला कायदा साठ दिवस देतो, आणि ते साठ दिवस ती मुलगी रोज बोटावर मोजत होती. तिचे वडील शेवटपर्यंत तिच्याशी बोलले नाहीत. हे ऐकताना दादांनी हेल्मेट मांडीवर घट्ट धरून ठेवलं होतं.

या मुलीला मी दोनदा, वेगवेगळ्या दिवशी विचारलं की तुला काय हवं आहे. घरच्यांसमोर एकदा, एकटीला एकदा. तिचं उत्तर दोन्ही वेळा तेच आलं, तिला हे मूल नको होतं. तसं नसतं तर मी त्या घराशी वेगळं बोलले असते. अल्पवयीन मुलीच्या बाबतीत कागदावर पालकाची संमती लागते. म्हणून काही पालक मुलीला विचारतच नाहीत, टेबलावर नेतात. तसल्या मुली पुढे कित्येक वर्षं माझ्यासमोर येऊन बसतात.

सरकारी रुग्णालयात भरती व्हायच्या दिवशी मी सोबत होते. सिस्टरने संमतीचा फॉर्म वडिलांपुढे ठेवला. त्यांनी पेन उघडलं आणि थांबले. मग कागद उचलून मुलीच्या खाटेजवळ गेले आणि उभ्याउभ्याच वाचू लागले, एकेक ओळ, अडखळत. जिथे शब्द अवघड होता तिथे सिस्टरला अर्थ विचारून तिला सांगत होते. इतक्या दिवसांनी बाप मुलीशी बोलला तो असा, सरकारी फॉर्मच्या भाषेत. वाचून झाल्यावर विचारलं, “कळलं का बाळा? सही करू?” तिने मान हलवली तेव्हा त्यांनी सही केली.

गुन्हा नोंदला होता म्हणून डॉक्टरांनी डीएनए तपासणीसाठी नमुना राखून ठेवला. तो पुराव्याला लागतो, आणि परस्पर गोळ्या घेतल्या असत्या तर तो हातचा गेला असता. जबाब घ्यायला महिला उपनिरीक्षक साध्या कपड्यांत घरी आल्या, आई शेजारी बसली. कायद्यात तसंच लिहिलेलं आहे, पण पालकांनी ते माहीत करून घेऊन मागावं लागतं. खटला चालू आहे. ज्यांना कुठे जावं हेच सुचत नाही, त्यांनी १०९८ हा मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर फिरवावा.

परवा आई एकट्याच आल्या होत्या. विचारत होत्या, लग्नाच्या वेळी हे सांगावं लागेल का. मी म्हटलं, तेव्हा ती सज्ञान असेल. कुणाला सांगायचं, किती सांगायचं, ते ती ठरवेल. तुम्ही नाही आणि तिचे चुलतेही नाहीत. त्यांना ते पूर्ण पटलं असं वाटलं नाही. जाताना म्हणाल्या, कॉलेज बदललंय, नवीन ठिकाणी तिला सकाळची पहिली बस पकडावी लागते.

मुलगी दर बुधवारी येते. वडील सोडायला येतात. आधी ते खाली गाडीवरच थांबायचे. आता वर येतात आणि ती बाहेर येईपर्यंत बाकावर बसतात.